मंडळीचे दप्तर विदर्भातच राहिले पाहिजे

आमच्या तालुक्यातील एका जुन्या मिशन कंपाउंडात बंगल्याचे कवेलू फेरण्याचे काम निघाले, तेव्हा माळ्यावरून एक लोखंडी पेटी खाली उतरली. पेटीत लग्नांची दोन रजिस्टरे, बैठकांची एक टिपणवही आणि बंद पडलेल्या मिशन शाळेच्या हजेरीपटांचा गठ्ठा होता. गावच्या वाचनालयाचे काम मी बरीच वर्षे पाहत असल्यामुळे तेथील चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला निरोप पाठवला. मी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी. तोवर हजेरीपट आणि टिपणवही भिजलेल्या रद्दीबरोबर तोलून गेली होती. हे कोणी दुष्टपणे केले नाही. पावसाच्या आत छत झाकायचे होते, जागा मोकळी करायची होती, आणि वाळवीने कडा खाल्लेल्या त्या वह्यांची किंमत सांगणारे तिथे कोणी नव्हते. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो मला केवळ ख्रिस्ती बांधवांचा वाटत नाही. विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक ख्रिस्ती समूहांची, आणि मिशनांची जी कागदपत्रे अजून शिल्लक आहेत, ती कोणी, कुठे आणि कोणासाठी सांभाळायची? माझे उत्तर असे आहे की ती याच प्रदेशात, सर्वांना खुल्या असलेल्या एका प्रादेशिक ग्रंथालयात राहिली पाहिजेत, आणि त्या खर्चाचा वाटा समाजाने आणि शासनानेही उचलला पाहिजे.

हाती लागलेल्या लग्नाच्या रजिस्टरपासूनच सुरुवात करतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने नोंदीचा जो नमुना ठरवून दिला, त्यात वधू आणि वर यांची नावे, वय, अविवाहित की विधुर किंवा विधवा, धंदा, राहण्याचे गाव आणि वडिलांचे नाव एवढे रकाने असतात, आणि शेवटी लग्न लावणाऱ्याची, वधूवरांची व साक्षीदारांची सही असते. सुरुवातीच्या पानांवर बहुतेक नवरदेवांची सही आहे, काहींची मोडीत, आणि नवरीच्या नावापुढे नुसती फुली आहे. पाने उलटत जावीत तशी एखाद्या नवरीची सही दिसू लागते, एकेक अक्षर सुटे काढलेली, शिरोरेघ वाकडी गेलेली. आणखी पुढे धंद्याच्या रकान्यात मुलीच्या नावासमोर ‘मास्तरीण’ असे लिहिलेले सापडते. शिरगणतीच्या अहवालातून आपल्याला प्रांतातील साक्षर स्त्रियांची टक्केवारी मिळते. पण अमुक गावची, विणकराची मुलगी अमुक दिवशी पहिल्यांदा आपले नाव स्वतः लिहिते, ही गोष्ट या एका पानाखेरीज दुसरीकडे कुठेही नोंदलेली नाही. तिचे वय, तिच्या बापाचा धंदा, साक्षीला उभे राहिलेल्या दोघांची गावे, या साऱ्यांतून लग्नसंबंध कोणत्या गावांशी जुळत होते आणि माणसे कोणत्या कामासाठी कुठून कुठे जात होती हे कळते. विदर्भातील कष्टकऱ्यांच्या घरांचा इतका बारीक हिशेब ठेवणारी साधने मोजकीच आहेत.

दफनाच्या नोंदींचेही तसेच आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, आणि १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाने देशातील ज्या प्रांतांत सर्वांत जास्त बळी घेतले त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. सरकारी अहवालांत हे आकडे जिल्हावार आहेत. एखाद्या लहान गावात त्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकात किती घरांतून किती माणसे गेली, आधी लेकरे गेली की कर्ती माणसे, हे पाहायचे असेल तर जिथे दफनाचे रजिस्टर नीट ठेवले गेले तिथेच ते दिसू शकते. आजच्या साथरोगांचा अभ्यास करणाऱ्यालाही ते लागेल.

आता हे मिशन इथे आले कसे, ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण कागदांची वाटणी त्यावरच ठरली. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (बिशपऐवजी निवडलेल्या ज्येष्ठांच्या सभेने चालणाऱ्या) चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले आणि त्या चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्या वेळी नागपूरचे राज्य भोसल्यांचे होते. ते खालसा झाले १८५४ मध्ये. हिस्लॉप यांनी शाळा काढली, आणि ज्यांच्या नावाने पुढे १८८३ मध्ये नागपुरात कॉलेज निघाले ते हेच. पण त्यांचे खरे वेड या भूमीचे होते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर ते नागपूरच्या आसपासचे खडक पाहत हिंडले, टाकळीजवळचे आणि मांगलीच्या लाल वालुकाश्मातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडी शब्दांच्या याद्या केल्या आणि गोंडांचा भाट असलेल्या परधानाच्या तोंडून लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडून मरण पावले. त्यांचे लिखाण तेव्हा विस्कळीत, अपुऱ्या टिपणांच्या रूपात होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते जुळवून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून लिंगोचे ते गीत आज आपल्यासमोर आहे. एका माणसाने तीन वर्षांच्या आत ती टिपणे हाती घेतली नसती तर गोंडी समाजाच्या स्मृतीचा तो लिखित पाठ नाल्याच्या पाण्यात गेल्यासारखाच होता. आणि ज्या शिळावर्तुळांसाठी हिस्लॉप तिथे गेले होते, त्या टाकळघाट-खापा परिसराचे शास्त्रशुद्ध उत्खनन नागपूर विद्यापीठाने केले ते तब्बल शंभर वर्षांनी. मिशनचे कागद म्हणजे धर्मप्रसाराचे कागद, एवढाच ज्यांचा समज आहे त्यांनी हे एक उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

परंतु हिस्लॉपसारख्यांचे कागद वाचले म्हणून समाधान मानण्यात मोठी चूक आहे. मिशनऱ्यांची पत्रे आणि वार्षिक अहवाल स्कॉटलंडला जात असत, आणि स्कॉटलंडच्या चर्चच्या परदेशी मिशनांचे मोठे दप्तर आज एडिंबरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयात उत्तम स्थितीत आहे. दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात काम करणारे प्रेस्बिटेरियन अमेरिकन होते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत, आज फिलाडेल्फियात असलेली, प्रेस्बिटेरियन इतिहास संस्था स्थापन झाली, तेव्हा तिकडचे कागदही सुरक्षित आहेत. मात्र समुद्रापार गेलेले कागद पाठवणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले आहेत. ते वर्गणीदारांनी वाचायचे होते. त्यात काम वाढल्याचा उत्साह आहे, अडचणींचे वर्णन मदत मिळावी अशा बेताने आहे, आणि इथल्या माणसांची नावे बहुधा ‘एक वृद्ध विणकर’ किंवा ‘आमची बायबलबाई’ अशी पुसलेली आहेत. जे इथे राहिले ते मंडळीने स्वतःसाठी लिहिलेले आहे. त्यात त्या विणकराचे नाव आहे, त्याच्या गावाचे नाव आहे, आणि त्याने किती आणे वर्गणी दिली हेही आहे.

येथे प्रेस्बिटेरियन पद्धतीची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण हे दप्तर इतके मोलाचे का आहे याचे उत्तर तिच्यात आहे. या परंपरेत मंडळीचा कारभार बिशपच्या हातात नसतो. मंडळीने निवडलेले ‘वडील’ (म्हणजे ज्येष्ठ कारभारी) आणि पाळक मिळून स्थानिक सभा होते, अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, आणि तिच्या वर सिनॉड. प्रत्येक स्थानिक सभेने आपल्या बैठकांची टिपणवही ठेवायची आणि ती तपासणीसाठी प्रेस्बिटरीपुढे मांडायची, असा या चर्चचा जुना दंडक आहे. म्हणजे नोंद ठेवणे ही इथे कोणा एका उत्साही माणसाची आवड नसून कारभाराचाच भाग होता. आता विचार करावा की ज्या माणसांना गावकीच्या बैठकीत बसायला जागा नव्हती, ज्यांना पंचांसमोर उभे राहूनच बोलावे लागे, त्यांच्यातून मंडळीचे वडील निवडले जात होते, ठराव मांडत होते, हिशेब तपासत होते आणि खाली सही करत होते. कोणाला प्रभुभोजनाच्या (भाकरी व द्राक्षारसाच्या) विधीस घ्यायचे, कोणाचे भांडण कसे मिटवायचे, विहिरीचा दोर कोणी विकत आणायचा, हे सारे त्यांनी चर्चा करून ठरवले. अशी एक टिपणवही मी पूर्वी दुसऱ्या एका मंडळीत तासभर चाळली होती. तिच्यातली भाषा पुस्तकी मराठी नव्हती. बायबलच्या भाषांतरातून आलेले शब्द आणि वऱ्हाडी बोलीतले शब्द तिच्यात एकाच ओळीत बसले होते. महाराष्ट्रात निवडून आलेल्या सभेने कारभार कसा शिकला याचा इतिहास लिहायचा तर या वह्या वगळून तो लिहिता येणार नाही, असे माझे मत आहे. आमच्या पेटीतली टिपणवही रद्दीत गेली याचे दुःख म्हणूनच मला लग्नाच्या रजिस्टरांच्या आनंदापेक्षा मोठे वाटते.

ही कागदपत्रे आज निराधार का झाली, यालाही कारण आहे. ज्या संस्थेने ती लिहिली ती संस्था त्या नावाने उरलेली नाही. १९०० मध्ये फ्री चर्चचे मोठे अंग युनायटेड फ्री चर्चमध्ये गेले, १९२९ मध्ये ते पुन्हा स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मिळाले. इकडे उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे १९२४ मध्ये एक चर्च झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ऐक्याच्या दृष्टीने ही मोठी घटना होती आणि ती विदर्भाच्या भूमीवर घडली याचा अभिमान वाटावा. पण प्रत्येक एकत्रीकरणात इमारती आणि जमिनी यांची यादी होते, वह्यांची होत नाही. पाळकांची बदली होते, बंगल्यात नवे कुटुंब येते, आणि मागच्या तीन नावांच्या चर्चचे दप्तर माळ्यावर चढते.

सरकारी व्यवस्थेतही त्याला घर नाही. १९९३ चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि २००५ चा महाराष्ट्राचा कायदा हे सरकारी कार्यालयांच्या दप्तरासाठी आहेत. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने किमान ७५ वर्षे जुन्या हस्तलिखितांचा विचार केला, पण महसुली नोंदींसारखे ऐतिहासिक दस्त त्याच्या व्याख्येबाहेर ठेवले; तेव्हा रजिस्टर हे हस्तलिखित असूनही हस्तलिखित ठरत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारखी गावोगावची वाचनालये अनुदानावर चालतात, परंतु सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्तमानपत्रांची बिले भागवून जुन्या कागदांसाठी वेगळी खोली बांधता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. या तिन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत हे दप्तर पडलेले आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की एका धर्माच्या खासगी कागदांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा. या आक्षेपाचे उत्तर विदर्भाने स्वतःच पूर्वी दिलेले आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून शतकानुशतके मठांत बासनात बांधून ठेवले. ते पंथाबाहेरच्यांसाठी नव्हतेच. विसाव्या शतकात ते बाहेर आले, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी आणि पुढे वि. भि. कोलते यांनी त्यांवर आयुष्ये वेचली, आणि मराठी गद्याचा आरंभ लीळाचरित्रापासून सांगता येऊ लागला. आज रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहते आहे ते त्याच परंपरेच्या पुण्याईवर. एका पंथाने जपलेले सर्व मराठी माणसांच्या कामी आले, आणि ते सार्वजनिक करण्यात कोणी परक्या धर्माची सेवा केली असे म्हटले नाही. मंडळीची दप्तरे लीळाचरित्राच्या तोलाची आहेत असा माझा दावा नाही. पण ती मराठी आहेत, ती इथल्या माणसांनी लिहिली आहेत, आणि त्यांचा विषय इथले जगणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मंडळीच्या आतून येतो. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात माणसाचे पूर्वीचे नाव, पूर्वीची जात, कधी आईबापांची परिस्थितीही लिहिलेली असते. अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या आदेशाने मिळत नाहीत. धर्मांतराच्या प्रश्नावर वातावरण तापलेले असते. अशा वेळी हे रजिस्टर चुकीच्या हाती पडले तर जिवंत कुटुंबांना त्रास होईल. मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सरळ विचारले होते, “गुरुजी, हे पुस्तक तुमी लोकाइले दाखवसान, पण आमच्या नातवाइले उद्या कोनी काई म्हटलं तं तुमी येसान का?” त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. विचारांती मला असे वाटते की भीती खरी आहे आणि म्हणूनच कागद माळ्यावर ठेवण्यापेक्षा नियम असलेल्या ग्रंथालयात ठेवणे अधिक सुरक्षित आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदी शंभर वर्षांपर्यंत बंद ठेवाव्यात, थेट वंशजाखेरीज कोणाला दाखवू नयेत, आणि कोणी काय पाहिले याची नोंदवही असावी. कुलूप नसलेल्या पेटीला यांपैकी कोणतेच संरक्षण नाही. ती ज्याच्या हाती लागेल त्याची असते.

जमिनीचा प्रश्नही लोक हळूच काढतात. मिशनच्या जागांवरून अनेक ठिकाणी वाद आहेत आणि विश्वस्तांना वाटते की दप्तर बाहेर गेले की खटल्यात कोणीतरी ते पुढे करील. खरेदीखते आणि सातबारे विश्वस्तांनी खुशाल आपल्यापाशी ठेवावेत, ग्रंथालयाला त्यांची गरज नाही. फक्त त्या भीतीपोटी हजेरीपट आणि दवाखान्याच्या वह्या अडकून पडू नयेत.

या कागदांतून मिशनची केवळ स्तुती निघेल असे मात्र कोणी समजू नये. त्यांत आपल्या देवदेवतांबद्दल आणि गोंडांच्या रीतींबद्दल कठोर, क्वचित अपमानकारक शब्द आहेत. दुष्काळात अन्न देताना दिलेल्या उपदेशाचे वृत्तान्त आहेत. आणि त्याच गठ्ठ्यात बाळंतिणीसाठी रात्री बैलगाडीने निघालेल्या डॉक्टरीणबाईंची टिपणेही आहेत. माझी आजी मरेपर्यंत ‘मिशनचा दवाखाना’ हे शब्द ज्या आदराने उच्चारत असे, त्यामागचे कारण तिथे सापडते. ग्रंथालयाने यातले काहीही गाळू नये. अभिमान बाळगणाऱ्याला आणि आरोप करणाऱ्याला, दोघांनाही तेच पान मिळाले पाहिजे.

आता जागेचा प्रश्न. सर्व गोळा करून मुंबईला किंवा बंगळूरला पाठवा, तिथे सोयी आहेत, असे सुचवले जाते. यवतमाळचा अनुभव मला याच्या विरुद्ध सांगतो. तिथे १९५३ मध्ये सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेले. संस्थेला त्यात सोय दिसली असेल आणि तिच्या निर्णयाला मी नावे ठेवत नाही, परंतु तीस वर्षे देशभरातले विद्यार्थी ज्या गावात येऊन शिकत होते त्या गावातून त्यांची पुस्तकेही गेली, आणि आज यवतमाळच्या तरुणाला आपल्याच गावातल्या त्या काळाविषयी वाचायचे तर पुणे गाठावे लागते. अमेरिकेतही असे घडलेले आहे. उत्तर कॅरोलिनातील माँट्रीट या डोंगरातल्या गावी दक्षिणेकडील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे दप्तर होते. ते कार्यालय बंद करून साहित्य इतरत्र हलवण्यात आले, तेव्हा तिथल्या लोकांनी खटपट करून २००८ मध्ये स्वतःचे वारसा केंद्र उघडले. सधन देशातल्या मंडळीलाही आपला कागद जवळ असावा असे वाटते, तर भंडाऱ्याच्या किंवा वर्ध्याच्या खेड्यातील शेतमजुराच्या नातीला तसे वाटण्यात वावगे काय? पणजीची सही पाहायला तिने दोन दिवसांची मजुरी बुडवून किती लांब जायचे?

‘सगळे स्कॅन करा’ हे उत्तर अर्धेच आहे. छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, तालुक्याच्या वाचनालयांत त्या पाहता याव्यात, हे सर्व मला मान्य आहे. पण हार्ड डिस्क दहा वर्षांत बंद पडते आणि चांगला कागद दोनशे वर्षे टिकतो. शिवाय स्कॅन झाले की मूळ प्रत रद्दीत द्यायला लोक मोकळे होतात, हे मी पाहिले आहे. लोहयुक्त शाईने कागद कुठे कुरतडला आहे, पान मागाहून चिकटवले आहे का, नाव खोडून दुसरे कोणी लिहिले, हे मूळ पानावरच कळते.

ते पान आपल्या हवेत टिकवणे कठीण आहे, अशक्य नाही. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कागद कडक होऊन मोडतो, आणि आषाढात तोच कागद ओल धरून बुरशीला बळी पडतो. काळ्या मातीतली वाळवी भिंतीतून चढते, म्हणून कपाट भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच हवे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्रेमापोटी केलेल्या या दोन उपायांनी जितके कागद बिघडले आहेत तितके कसरीने बिघडले नसतील. उत्तरेकडे खिडक्या असलेली पक्क्या छताची एक खोली, आम्लरहित खोकी, आणि मोडी वाचता येणारा एक प्रशिक्षित ग्रंथपाल, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. यांतला ग्रंथपाल सर्वांत महत्त्वाचा. इमारतीला देणगी देणारे मिळतात, पगाराला मिळत नाहीत, आणि शासनाचा वाटा मी तिथेच मागतो.

जागा म्हणून मी वर्धा सुचवीन. भंडारा, यवतमाळ, चंद्रपूर या तिन्ही बाजूंनी तिथे सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, आणि स्कॉटिश मिशनचे काम तिथेही होते. नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाने किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाने पुढाकार घेतला तर माझा हट्ट नाही. यवतमाळकडचे फ्री मेथडिस्ट, वऱ्हाडातले अलायन्स मिशन, चंद्रपूरकडचे स्कॉटिश एपिस्कोपल मिशन यांच्या मंडळ्यांनाही त्यात जागा असावी, कारण वाळवी पंथ पाहत नाही. मालकी मंडळीचीच राहावी. ग्रंथालयाने फक्त सांभाळ करावा आणि तसा लेखी करार व्हावा. कारभारात मंडळ्यांचे प्रतिनिधी, एक इतिहासाचा अभ्यासक आणि एक ग्रंथालयशास्त्र जाणणारा असावा.

तोवर वाट पाहत बसणे परवडणार नाही. ज्यांच्या घरी, चर्चमध्ये किंवा बंद शाळेत अशी पेटी आहे त्यांनी ती उघडून निदान एक यादी करावी: कोणते रजिस्टर, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, किती पाने, कोणत्या भाषेत. चार ओळींची ती यादी गावच्या वाचनालयात द्यावी आणि एक प्रत पाळकसाहेबांकडे असावी. आमच्या पेटीतली दोन्ही रजिस्टरे पाळकसाहेबांनी पावती करून वाचनालयाच्या कपाटात ठेवायला दिली आहेत. त्यांना लाल खारव्याचे बासन शिवले आहे आणि दर अमावास्येला मी कडुलिंबाचा पाला बदलतो. रद्दीवाल्याकडे टिपणवहीची चौकशी अजून चालू आहे. त्याने माल ज्या गोदामात दिला त्याचा पत्ता मला मागच्या आठवड्यात मिळाला.